तांबट आळीची नावं

मंगळवारी सकाळी आमच्या तांबट आळीतले सगळे रस्ते लढाईकडे वळले. चिमाबाईचे यजमान पान आणायला निघाले, तर कोपऱ्यावरच तोफा ऐकू आल्या. माघारी वळले, तर समोरही लढाईच. दुपारपर्यंत आळीतले एकतीस पुरुष असे गेले.

चूक आमचीच. भांडण सरकारचं, साता समुद्रापलीकडचं, आणि मरायला आमचे! भरतीचा कारकून महिनाभर दारोदार नावं विचारत हिंडला. पुरुष माळ्यावर लपायचे, आणि आम्ही बायका काही नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचो नाही. घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतं. वही कोरीच राहिली. मग कारकुनाच्या बायकोनं हळदीकुंकू केलं. "नाव घ्या, नाव घ्या," म्हटल्यावर कुठली बाई मागे राहते? चिमाबाई तर पदर खोचून उभीच राहिली:

"तांब्याच्या घंगाळात कोवळं ऊन सांडलं,
रखमाजींचं नाव मी देवापुढं मांडलं."

पडद्यामागे कारकुनाचा टाक वहीत कुरकुरत होता. मी तेवढी गप्प बसले. शहाणी होते म्हणून नव्हे, मला यमक जुळेना.

"तुझे तेवढे राहिले," मंगळवारी चिमाबाई म्हणाली. "ऊठ. वही फाटली की रस्ते सरळ होतील."

आम्ही घराघरातले हातोडे उचलले. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता! कासारणी आल्या, साळिणी आल्या, पातेली बडवत सगळं शहर कचेरीवर निघालं. आमचे हे सगळ्यांच्या पुढे, आळीत उरलेले एकटे पुरुष. जन्मभर तांबं ठोकून यांचे कान गेलेत. सासूबाई नावानं हाक मारायच्या, तेवढीच यांना ऐकू यायची.

कचेरीचं दार यांनी तीन घावांत फोडलं. चिमाबाईनं वही ओढली आणि आम्ही पानं टराटरा फाडली. एकेक पान फाटलं, तसा एकेक जण कोपऱ्यावरून चालत आला, अंगावर तांबडा डगला, मिशीवर धूळ.

"पान राहिलंच आणायचं," रखमाजी म्हणाले. चिमाबाई हसत हसत रडायला लागली, मीही.

तेवढ्यात छपरावर शिपाई दिसले. त्यांनी बंदुका हातोडेवाल्यावर, म्हणजे यांच्यावर रोखल्या. हे पाठमोरे, दुसरं दार फोडण्यात दंग.

"अहो!" मी ओरडले. एकतीस जण वळले. हे वळले नाहीत.

"अहो, मागं बघा!"

पायरीवर कारकून बसला होता. मांडीवर एकच कोरं पान, टाक शाईत बुडवलेला.

"हं, घ्या नाव वहिनी," तो म्हणाला.

शिपायांनी डोळे बारीक केले. मी तोंड उघडलं. यमक आपोआप जुळलं, आणि यांच्या पायाखालचा रस्ता वळायला लागला.