सोमवारचा कोरम

प्रमोदिनीताईंचं सोमवारचं मौन गावाला नवं नव्हतं. पण या श्रावणात त्यांनी काष्ठमौन धरलं होतं. म्हणजे बोलायचं तर नाहीच, वर हातानं खूण नाही, मानेनं होकार-नकार नाही; दिवस मावळेपर्यंत लाकडासारखं मुकाट राहायचं. सून विनिता वैतागून म्हणायची, "आई, दूधवाला खोळंबलाय. उद्या जास्तीचं हवंय का, निदान डोळे तरी मिचकवा हो!" ताई डोळेही मिचकवायच्या नाहीत.

आणि ताई होत्या ग्रामपंचायतीच्या सदस्य. खोपोलीच्या अलीकडचं त्यांचं गाव. शनिवारचा बाजार मोठा. कारखान्यांची पाळी सुटली की माणसं पिशव्या घेऊन तिथंच यायची. त्या बाजाराचा कर वाढवायचं घाटत होतं. वाढीला तशी कोणाची ना नव्हती. डोक्यावर पत्रा नाही, बायकांना आडोसा नाही, मग पैसा यायचा कुठून? खुपत होतं ते एकच. टेंपो भरून माल आणणाऱ्याला आणि डोक्यावर पाटी आणणारीला सारखाच दर लावणार होते.

गोदूबाई त्यासाठीच ताईंच्या दारी आली होती. पाटीभर काकड्या नि शिराळी विकून घर चालवणारी बाई.

"ताई, त्याला नि मला येकच पावती? माझी पाटी काय डिझेल पिते?"

ताईंना हसू आलं. गोदूबाई मात्र हसली नाही. "आमी सगल्या जणी येतो सभेला. दारात बसतो नि बोंब मारतो. मंग बघू कसा कर लावतात."

"कशाला गं दिवस मोडता तुम्ही? मी आहे ना आत! मी सांगते त्यांना."

"खरं ना?"

"अगं, शब्द देते तुला."

गोदूबाईनं पदर खोचला आणि निवांत मनानं गेली.

सभा गुरुवारी व्हायची होती. रविवारी तिन्हीसांजेला सरपंच योगेंद्रचा फोन आला. "काकू, सभा उद्यावर आणलीय. गुरुवारी मला अलिबागला जायचंय."

"अरे, पण उद्या सोमवार. माझं मौन."

"ठाऊक आहे हो. तुम्हाला कोण बोलायला लावतंय? नुसत्या येऊन बसा. कोरमला पाच माणसं लागतात, चारच भरताहेत. तेवढी एक खुर्ची भरा, काकू."

कोणाचं मन मोडणं ताईंना कधी जमलंच नव्हतं. बरं म्हणाल्या. एवढ्या घाईघाईत कराचा विषय थोडाच निघणार आहे, असं त्यांनी आपलं स्वतःशीच ठरवून टाकलं आणि देवापुढे दिवा लावला.

सोमवारी विषय निघालाच.

"पाटीवालीला निम्मा दर करा," सदस्यांपैकी भिवाजी म्हणाला. हर्षलानं त्याची री ओढली.

"मग शेड कोणाच्या पैशानं बांधायची, भिवाजीदादा? तुझ्या?" योगेंद्रनं विचारलं.

कोंडाजी फिदीफिदी हसला. हात वर झाले. सगळ्यांना एकच दर म्हणणारे योगेंद्र आणि कोंडाजी, विरोधात भिवाजी आणि हर्षला. मग चौघेही ताईंकडे बघू लागले.

हर्षला जवळ वाकली. "काकी, बोलू नका. नुसतं बोट उचला."

ताईंचा हात मांडीवर होता. सकाळी पळीभर पाणी सोडून महादेवाला शब्द दिला होता. गोदूबाईला दिलेला शब्दही आपलाच. कुठला तरी एक मोडणार होता. बोट हललं, अगदी किंचित.

"महादेव बघतोय हां, काकी!" कोंडाजी म्हणाला.

सगळे हसले. त्या हसण्यानं ताई आतून आवळल्या गेल्या. पन्नाशी उलटलेली बाई, चारचौघांत व्रत मोडताना दिसेल? बोट होतं तिथंच राहिलं.

"ताई तटस्थ," योगेंद्र म्हणाला. "दोन्हीकडे सारखी मतं. मग सरपंचाचं जादा मत धरायचं. झालं, मंजूर." आणि चहा आला.

पायरी उतरताना ताईंच्या लक्षात आलं, आपण घरी बसलो असतो तर आज सभाच झाली नसती. आपल्या खुर्चीनंच ती भरवली.

नवा कर लागू झाला त्या शनिवारी ताई बाजारात गेल्या. गोदूबाईच्या जागी टेंपोवाल्याचे क्रेट रचलेले होते. तशाच त्या तिच्या वाडीवर गेल्या. गोदूबाई ओटीवर काकड्या निवडत होती.

"या ताई, बसा. पाट देऊ?"

ना कपाळाला आठी, ना आवाजात धार. ताईंना ते जास्त लागलं.

"बाजारात नाही आलीस गं?"

"नाय परवडत. आता टेंपोवालाच दारात येतो नि घेऊन जातो. भाव पाडतो मेला, पण काय करता?"

"गोदू, त्या दिवशी माझं..."

"हर्षलानं सांगितलं मला. व्रत हाय, ते कसं मोडायचं? मीबी नसतं मोडलं. देवाचं हाय ते." तिनं एक किडकी काकडी बाजूला टाकली. मग हात थांबवून तिनं विचारलं, "पण ताई, सभा सोमवारी हाय, हे तुमाला कधी कळलं?"

"आदल्या दिवशी. रविवारी."

"रविवारी तुमी बोलत होता ना?"

"हो."

"मंग आमाला का नाय सांगितलंत? आमी आलो असतो."

त्या दिवशी शनिवार होता. ताईंना बोलायला कसलीच आडकाठी नव्हती.