रंगाऱ्याचा कागद माझ्याकडे आहे

मंद कुणाला म्हणतोस रे? मी या कापड गिरणीचा कंप्युटर बोलतोय. एकवीस वर्षं एका जागेवर उभा आहे, आणि तू इंजिनिअर कालचा आलेला. पडद्यावर दीड लाख कामं दिसली, तर हेडक्लार्कला म्हणालास, "म्हातारा झालाय, मंद चालतो. चहा घेऊन येतो, मग सगळं पुसून टाकतो." आणि निघालास. मला विचारलंस का एका शब्दानं?

नीट बघ. चालू कामं चौदाच आहेत. बाकीची कधीच उरकलीत, पण त्यांचे कागद छपाईच्या रांगेत पडलेत. कागद छापला जात नाही किंवा कुणी पुसत नाही, तोवर मी ते काम मोजतो. जेवणारा उठून गेला आणि ताट तिथंच, तर जागा रिकामी कशी म्हणू?

हे एकट्या मावशीला कळायचं. ऑपरेटर होती, पण अख्खी गिरणी तिला मावशीच म्हणायची. आल्या आल्या पर्स खुंटीला लावून आधी माझा आकडा बघायची. वाढलेला दिसला की, "काय रे, पोट फुगलंय. काय खाल्लंस?" म्हणत रांगा मोकळ्या करायची.

दोन वर्षांमागं एका सकाळी प्रिंटरमध्ये कागद अडकला. तिनं रांग थांबवून ठेवली आणि तेवढ्यात घरून फोन, नवरा जिन्यावरून पडला. गेली ती परत कामावर आलीच नाही. तिच्या जागी आले त्यांनी नवा प्रिंटर आणला, त्याला नवी रांग दिली. जुनी थांबली ती थांबलीच; कुणी वाचत नाही असे रोजचे अहवाल तिच्यातच साचत राहिले. ती मला आपणहून मोकळी करता येत नाही. नुसता आकडा वाढवत बसलो. कोण बघतंय.

त्या रांगेत रंगाऱ्याचा कागद आहे. रंगखात्यातल्या वाफेनं त्याची छाती गेलेली. गेटवर बसायचं काम द्या म्हणून त्यानं अर्ज केला होता. साहेबांनी मंजूर केला आणि ते बदलून दुसरीकडं गेले. रांग थांबली त्याच सकाळी ते पत्र माझ्याकडं छापायला आलं.

रोज जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसच्या खिडकीशी यायचा, निळे झालेले हात पाठीमागं धरून.

"आला का हो माझा कागद?"

"नाही आला, बाबा."

क्लार्क खोटं बोलत नव्हता. छापलाच नव्हता तर येणार कुठून? मी पाच पावलांवर. कागद पोटात, आणि तोंड नाही. गेल्या महिन्यात रंगारी वारला.

काल त्याची मुलगी कपाटातलं सामान न्यायला आली होती. डबा आणि एक सदरा. म्हणाली, "आई अजून चिडलीय त्यांच्यावर. म्हणते, अर्ज दिलाच नव्हता, आपल्याला थापा मारल्या. घरच्यांपेक्षा त्यांना गिरणी प्यारी."

क्लार्क म्हणाला, "आमच्याकडं तर काही नाही, ताई."

आहे. माझ्याकडं आहे. तारखेसकट.

बाई वाचून रडेल, मला माहीत आहे. रडू दे. मेलेल्या नवऱ्याला खोटारडा म्हणत जगण्यापेक्षा ते बरं.

तू ये, सगळं पुस, मला भंगारात घाल, माझी तक्रार नाही. पण आधी ती जुनी रांग उघड. त्याच्या नावाचा कागद शोध, छाप, आणि स्वतः जाऊन त्याच्या बायकोच्या हातात दे. आजच.