एक्केचाळीस नावांचा अर्ज

"नाव सांगा" म्हटल्याबरोबर रुक्माबाईनं पदर तोंडाशी नेला आणि तिला हसूच फुटलं. तिच्यामागे देवळाच्या ओवरीत भिंतीला टेकून बसलेल्या बायकाही हसायला लागल्या.

"हसू नका गं," विनोदिनीबाई म्हणाल्या. "सरकारी कागद आहे हा. आधी स्वतःचं नाव, पुढे बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि मग अंगठा. बस्स, एवढंच."

"त्येच तर इचारतोय न्हवं, बाई. नाव कंचं सांगू? हितलं का तितलं?"

हितलं म्हणजे सासरचं, तितलं म्हणजे माहेरचं. विनोदिनीबाईंचा टाक दौतीवर तसाच थांबला. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांना पुष्कळ शिकवलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर कुणी सांगितलं नव्हतं.

गाव निपाणीपासून तीन कोसांवर. तिथं मुलग्यांची शाळा सातवीपर्यंत होती, दगडी भिंतींची आणि कौलारू. मुलींची शाळा चौथीपर्यंत, आणि तीही देवळाच्या ओवरीत. चौथी झाली की पोरीचं शिक्षण संपलं आणि शिक्षण संपलं की लग्न, असं गावानं कधीच ठरवून टाकलं होतं. मुलग्यांत जाऊन बसायचं म्हटलं तर आई-बापच घरातून हलू देत नसत. तेव्हा मुलींच्या शाळेतच पाचवीचा वर्ग काढावा, असा अर्ज वरच्या कचेरीकडे जायचा होता. नोकरीतल्या माणसानं वर मागणं घालायचं नसतं, म्हणून अर्ज मुलींच्या आया-आज्यांचा. बाईंचं त्यात अक्षर तेवढं.

रुक्माबाईला घाई होती. तिची हौसा चौथीत पहिली आली होती. हौसाचा बाप रवळू काही वाईट माणूस नव्हे. पण दिलेला शब्द आणि धरलेला हट्ट यांतला फरक त्याला कळत नसे. त्यानं चारचौघांत सांगून टाकलं होतं, "गावात पाचवी निघाली तर शिकंल पोरगी. न्हाय निघाली तर माघात बार उडवून देतो." तेव्हा श्रावण चालला होता.

"नवऱ्याचं नाव सांगा ना," विनोदिनीबाई म्हणाल्या. "सगळ्या सासरचंच सांगत असतील."

"अगं बया!" मागून मालुबाई म्हणाली. ती सत्तरीची, नात पहिलीत. "मालकाचं नाव घ्यायचं? आन् त्येबी कागदावर? आयुष्य तुटतंय त्येंचं."

"तुमचे मालक तर वारले ना आजी?"

"वारलं म्हून काय झालं?"

विनोदिनीबाईंनी कागदाकडे पुन्हा पाहिलं. 'बापाचे किंवा नवऱ्याचे' असं छापलेलंच होतं. म्हणजे बापाचं चालत होतं. आणि बापाचं लिहायचं तर त्याच्यासोबत नावही बापानं ठेवलेलंच हवं.

"तुमचं म्हायेरचं काय वो, बाई?" रुक्माबाईनं विचारलं.

"मनू," विनोदिनीबाई म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या. सोळा वर्षांत त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. बेळगावातल्या एका माजघरात चांदीच्या ताटात तांदूळ पसरले होते, आणि एका हसऱ्या मुलानं अंगठीच्या टोकानं त्यात 'विनोदिनी' असं लिहिलं होतं. ते फारसं ठीक जमलं नाही म्हणून पुसून पुन्हा लिहिलं होतं. वर्षाच्या आत तो प्लेगात गेला. त्यानं दिलेलं नाव मात्र नोकरीच्या कागदांवर राहिलं.

"तुमचं तुम्हाला जे खरं वाटतं ते सांगा," त्या म्हणाल्या.

पुढं कित्येक दिवस हे वाक्य त्यांच्या मनातून गेलं नाही.

बायकांना मात्र कुणी खाऊ वाटावा तसं झालं. रुक्माबाई शेवंता निघाली. दोघी शेजारणी माहेरी हिरा आणि चिमा होत्या हे त्यांना एकमेकींचं पहिल्यांदाच कळलं. मालुबाईला आठवेना. ती बोटं मोडत बसली, पुटपुटली, आणि सगळ्यात शेवटी हळूच म्हणाली, "येसू. बापू मला येसा म्हनायचा." मग तिनं अंगठ्यानं डोळे पुसले, त्याच अंगठ्याला शाई लावली आणि अंगठा इतका दाबला की कागद फाटतो की काय असं वाटलं.

एक्केचाळीस नावं झाली. विनोदिनीबाईंनी ती आपल्या गोल अक्षरात ओळीनं लिहिली. इतका सुंदर अर्ज त्या कचेरीत कधी आला नसेल, असं वाटून त्या रात्री त्यांना स्वस्थ झोप लागली.

कार्तिकात वरच्या कचेरीतले साहेब आले ते चौकशीला. चावडीत खुर्ची मांडली होती. पाटील मारुतीराव शेजारी उभे. गावातली पुरुषमंडळी दाटीनं बसलेली. विनोदिनीबाईंना खांबाजवळ उभं केलं होतं. बायकांना घराबाहेर पडू नका अशी ताकीद घरोघर गेलेली. कारण चौकशीचा कागद आधी पाटलाकडं आला होता, पाटलानं यादी चारचौघांना वाचून दाखवली होती, आणि त्यातली एकही बाई गावात नाही असा लेखी जबाब वर पाठवला होता.

साहेब तसे सभ्य होते. आवाज चढवणारे नव्हते.

"शेवंता, बाप परशराम," त्यांनी वाचलं. "आहे गावात?"

"न्हाय साहेब," पाटील म्हणाले.

"हिरा, बाप तुकाराम?"

"न्हाय."

"येसू, बाप बापू?"

या नावाला भरमानं मान हलवली. "आमच्या गल्लीत न्हाय कोन, साहेब. आजवर कदी ऐकल्यालं न्हाय." भरमा मालुबाईचा थोरला मुलगा. आश्विनात त्यानं आईला अग्नी दिला होता. डोक्यावरचे केस अजून नीट वाढलेसुद्धा नव्हते.

अरे, ती तुझी आई होती, असं ओरडून सांगावंसं विनोदिनीबाईंना वाटलं. पण भर चावडीत त्याला हे कसं सांगायचं?

"बाई, अक्षर तुमचं आहे. शाई तुमची आहे. नावं गावात कुणाची नाहीत," साहेब म्हणाले. "वरचे लोक याला काय म्हणतील, तुम्हीच सांगा."

"साहेब, सगळ्याजणी इथल्याच आहेत. नावं माहेरची आहेत. सासरी नावं बदलतात. आपल्याही घरी बदललं असेल."

साहेबांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकल्यासारखं झालं. ते काही म्हणणार तोच चावडीत कुजबुज उठली आणि पाहता पाहता वाढली. बायकांनी नवऱ्याचं नाव टाकून बापाचं लावलं! या मुलखात काडीमोड झालेली बाईच तसं करते. हे ज्याच्या त्याच्या ध्यानात आता येत होतं, आणि जो तो आपली बायको कोण असेल ते मनात शोधत होता. विनोदिनीबाईंना हे आत्ता उमगलं. सात वर्षं या गावात काढून एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याची त्यांना स्वतःचीच चीड आली.

"एक तरी बाई उभी करा," साहेब म्हणाले. "एक."

विनोदिनीबाईंनी बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली. कुणाचं नाव घेतलं तर तिच्या घरी आज काय होईल, हे त्यांना चावडीतले चेहरे सांगत होते.

तेवढ्यात बाहेर पारापाशी बांगड्या वाजल्या. रुक्माबाई आली होती, हौसाचा हात धरून. ती पायरीखालीच उभी राहिली.

"त्यातली शेवंता मी हाय," ती म्हणाली.

"हिचं नाव रुक्मा हाय, साहेब," पाटील म्हणाले.

"नवऱ्याचं नाव काय तुझ्या?" साहेबांनी विचारलं.

रुक्माबाईनं मान वर केली. रवळू तिसऱ्या ओळीत बसला होता. त्याच्या कपाळाची शीर इथून दिसत होती. ती बोटानं दाखवू शकली असती. दाखवलंही. पण साहेबांचा कारकून म्हणाला, "बोटानं लिहिता येत नाही मला. नाव सांग."

हौसानं आईच्या लुगड्याचा घोळ मुठीत धरला होता.

"रवळू," रुक्माबाई म्हणाली. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "रवळू म्हनत्यात त्येंना. माझ्या पोरीला पाचवी द्या, साहेब."

कुणीतरी दात काढले. रवळू उठला, कुणाकडेही न बघता पायऱ्या उतरला आणि बायकोच्या अंगावरून निघून गेला.

कारकुनानं लिहून घेतलं. साहेबांनी यादी पुन्हा वरून खाली पाहिली.

"एक खरं, चाळीस राहिली," ते म्हणाले.

"घरोघर चला साहेब, मी दाखवते," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"निपाणीची मोटार गाठायची आहे मला." हे त्यांनी खाली पाहून म्हटलं. "पुढच्या वर्षी नीट अर्ज करा. नवऱ्याच्या नावासकट." त्यांनी कागदाची घडी घातली.

त्या संध्याकाळी चाळीस घरांत काय काय झालं ते कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका आल्या त्या पदर डोळ्यांपर्यंत ओढून. विनोदिनीबाई वाटेत दिसल्या तेव्हा त्यांनी वाट बदलली. शाळेतल्या बत्तीस मुलींपैकी अकरा उरल्या. रवळूनं मात्र बायकोला हातही लावला नाही. तो आठ दिवस घरात जेवलाच नाही, आणि नवव्या दिवशी हिंडलग्याला जाऊन हौसाचं लग्न पक्कं करून आला.

विनोदिनीबाई एकदा त्याच्या दारात गेल्या. तो दारापुढच्या खळ्यावर दावं वळत बसला होता.

"एक वर्ष थांबा, रवळूअण्णा. मी पुन्हा अर्ज करते."

"बाई, तुमी लई चांगल्या हाय," तो दाव्याकडे बघत म्हणाला. "पन आता माझं नाव चावडीत निघालं. पोरगी घरात ऱ्हायली तर रोज निघंल."

माघात बार उडाला.

शिमग्याच्या सुमाराला हुकूम आला. जांबोटीच्या रानातल्या एका शाळेत बदली. पहिलीचा वर्ग, मुलग्यांचा. मुलींची शाळा पटावर पुरेशी संख्या नाही म्हणून पुढच्या वर्षी बंद. विनोदिनीबाई ओवरीत एकट्याच बसून पाट्या मोजून ट्रंकेत भरत होत्या. पाट्या शाळेच्या, पण आता त्यांच्यावर लिहायला कुणी उरणार नव्हतं. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं.

हिरवं लुगडं, नाकात नथ, कपाळाला आडवी चिरी. हौसा शिमग्याला माहेरी आली होती. लुगडं तिला अजून सावरत नव्हतं.

"ये ना. बस," विनोदिनीबाई म्हणाल्या. "सासर कसं आहे?"

"बरं हाय."

"आई?"

"आई बोलत न्हाय जास्त."

हौसा तिच्या नेहमीच्या जागी, खिडकीपाशी बसली. मग तिला एकदम काहीतरी आठवलं आणि चेहऱ्यावर जुनी हौसा आली.

"बाई, मापटं वलांडून आत गेलो न्हवं, तवा ताटात तांदूळ वतलं. त्येंच्या हातात अंगठी दिली. त्ये नुसतंच बसलं. लिव्हाय येत न्हाय त्येंना. सासऱ्यांनाबी न्हाय. घरात कुनालाच न्हाय."

"मग?"

"सासूबाई म्हनल्या, सून शिकल्याली हाय न्हवं, तीच लिव्हंल. मग मीच लिव्हलं." ती जरा थांबली. "समदी बघाय आली. अक्षर लई चांगलं हाय म्हनलं."

विनोदिनीबाईंनी ट्रंकेतली पाटी उगीचच हातात घेतली.

"काय नाव ठेवलं?"

हौसानं ते तोंडानं सांगितलं नाही. तिनं हात पुढे केला, पाटी घेतली, पेन्सिल घेतली, आणि मान तिरकी करून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून लिहिलं. चार वर्षं ती तशीच लिहीत आली होती. मग उठून, ओळीत उभं राहावं तशी बाईंच्या पुढ्यात येऊन तिनं पाटी दोन्ही हातांनी समोर धरली.

'जयाबाई.' काने सरळ, 'ई' गोल, रेघ कुठं तुटलेली नाही.

पोरगी वाट बघत उभी होती. विनोदिनीबाईंनी खडू घेतला, अक्षरांच्या खाली बरोबरची खूण केली, आणि पाटी तिला परत दिली.