भिंतीकडे तोंड करून

आठ अक्षरं दाबून झाली आणि चहाच्या कपाकडे हात नेताना त्याचं कोपर एन्टरवर पडलं.

‘झालं!’ तो स्वतःशीच पुटपुटला. आता मशीन कुरकुर करणार, चूक झाली म्हणणार आणि पुन्हा पासवर्ड मागणार. घाई कसलीच नव्हती, म्हणून त्याने आधी घोटभर चहा घेतला. मग वर पाहिलं. पडद्यावर तक्रारीची ओळ नव्हती. डावीकडे जाळीसारखं एक छोटं चिन्ह होतं आणि त्याच्या शेजारी एक पांढरा चौकोन लुकलुकत होता. हे चिन्ह फक्त मालकासाठी उमटतं. मशीन उघडलं होतं.

असं व्हायलाच नको होतं. पासवर्ड अजून अर्धाच टाकून झाला होता. उरलेला अर्धा ताईच्या डोक्यात होता, आणि ताई बाराला पोचणाऱ्या बसने यायची होती. तोवर आपला अर्धा बोटांना आठवतोय ना, तिच्यासमोर नाचक्की व्हायला नको, एवढ्यासाठी तो सकाळपासून ती आठ अक्षरं घोटत बसला होता.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत तीस वर्षांपूर्वी ते मशीन आलं, तेव्हा ते बघायला शेजारच्या गल्लीतून माणसं जिना चढून आली होती. राखाडी, चपटा, पाटासारखा डबा आणि त्यावर दोघांनी उचलावा एवढा जड पडदा. साधा कॉम्प्युटर नव्हे, युनिक्स प्रणालीवर चालणारं वर्कस्टेशन. असली मशीनं तेव्हा विद्यापीठांत नाहीतर विमानं बनवणाऱ्यांकडे असत. माउसला तीन बटणं होती आणि तो रेघारेघांच्या चकचकीत पत्र्यावरच चाले. टेबलावर ठेवला की मख्ख बसे. बाबा भूमापक होते. गावातल्या प्रत्येक रस्त्याखालचा पाण्याचा पाइप त्यांनी टेप धरून स्वतः मोजलेला. ते सगळं मोजमाप मुलीने आणि मुलाने या मशीनवर चढवलं आणि पाणीपुरवठा विभागासाठी नकाशे काढण्याचा तिघांचा धंदा उभा राहिला.

मशीनचा मुख्य पासवर्ड कुणाकडे असावा, यावरून पहिल्याच आठवड्यात बहीणभावांची जुंपली. बाबांनी तोडगा काढला. अर्धा हिचा, अर्धा त्याचा. एकाने दुसऱ्याला सांगायचा नाही, लिहायचा नाही, तोंडातून काढायचा नाही. एक जण टाकत असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आधी कुणी टाकायचा, यावरही वाद झाला असता, पण धाकटा फुगून बसेल हे ओळखून ताईने आपणहून दुसरा नंबर घेतला. त्याची अक्षरं कुठली होती ते इथे सांगण्यात अर्थ नाही. त्याने ती बायकोलाही सांगितली नव्हती.

बाबा गेले. त्यानंतर दोन वर्षांनी ताई म्हणाली, ‘हा खटारा आता पुरे. सगळे नकाशे नव्या मशीनवर घेऊ.’ त्याला ते बाबांनाच खटारा म्हटल्यासारखं लागलं. शब्दाने शब्द वाढला आणि तो बोलून गेला, ‘तुला काही जपणं जमतच नाही.’ ताईने पट्टी, पेन्सिली आणि चष्मा पिशवीत भरला आणि ती जिना उतरली. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. लग्नकार्यात गाठ पडे तेव्हा दोघं एकमेकांशी तिसऱ्याच्या तोंडून बोलत. ‘त्याला म्हणावं, जेवून घे.’ ‘तिला सांगा, झालंय माझं.’ निरोप पोचवून पोचवून मावशी टेकीला आली होती.

नेहमीच्या कामाला मुख्य पासवर्ड लागतच नसे, म्हणून अकरा वर्षं निभावलं. गेल्या आठवड्यात मात्र वीज गेली आणि मशीनच्या पोटातली इवलीशी बॅटरी कायमची संपली. परत सुरू झालं तेव्हा मशीनला स्वतःचा ओळखनंबर आठवेना आणि आजची तारीख विचारली तर एक जानेवारी एकोणीसशे सत्तर सांगू लागलं. युनिक्सचं घड्याळ मुळात तिथूनच मोजायला लागतं. ती बॅटरी ज्या चिपमध्ये बंद होती ती चिप त्याने कानशीने घासून घासून उघडली, घड्याळातल्यासारखा गोल सेल डाग देऊन जोडला. तारीख आली, नंबर आला. पण डिस्क तपासताना मशीन मध्येच अडलं. बिघाड हाताने दुरुस्त करावा लागेल, मुख्य पासवर्ड द्या. त्याच दिवशी पाणीपुरवठ्याच्या इंजिनियर बाईंचा फोन आला.

‘नकाशेकाका, दुकानांच्या रस्त्याखालचा मोठा व्हॉल्व्ह कुठे पुरलाय? शनिवारी सकाळी पाइप बदलायचाय. आमच्या कागदी प्रती तळघरात भिजून लगदा झाल्यात. तीन खड्डे खणून झाले. चौथा खणला तर लोक मलाच त्यात पुरतील.’

तीन दिवस त्याने ताईला फोन करायचं टाळलं आणि चौथ्या दिवशी, काल, केला. तुझा अर्धा फोनवरच सांग, हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. पण बाबांचा नियम होता. आणि खरं सांगायचं तर ती यावी, असं त्याला वाटत होतं. पाइप, व्हॉल्व्ह सगळं खरं असलं तरी त्याने फोन केला होता तो नुसत्या व्हॉल्व्हसाठी नव्हे. तीही ‘सांगते, लिहून घे’ असं म्हणाली नाही. ‘उद्या बाराच्या बसने येते,’ एवढंच बोलून तिने फोन ठेवला होता.

आणि आता हे.

त्याने कपाटावरून मॅन्युअलची जाड फाइल काढली, धूळ फुंकली आणि बोट फिरवत फिरवत पासवर्डचं पान गाठलं. तिथे सरळ छापलेलं होतं. पासवर्ड कितीही लांब दिला तरी सिस्टम त्याची पहिली आठच अक्षरं पाहते. त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीची एक पुसट, लांब शेपटीची बरोबरची खूण होती. मशीन बसवायला आलेल्या माणसाने केली असेल, असं त्याला वाटलं.

तो फाइल मांडीवर घेऊन बसून राहिला. म्हणजे तीस वर्षं मशीन फक्त त्याचं ऐकत होतं. ताई टाकायची तो अर्धा मशीनने कधी पाहिलाच नव्हता. तीस वर्षांपूर्वी हे कळलं असतं तर तो गल्लीभर मिरवला असता. आज त्याला कसंतरीच झालं. आता बिघाड दुरुस्त करायचा, नकाशा काढायचा, इंजिनियर बाईंना फोन करायचा आणि ताईला कळवायचं की येऊ नकोस, तुझी गरज पडली नाही.

पावणेदहा वाजले होते. पाइप उद्या सकाळी बदलायचा होता. दोन-अडीच तासांनी कुणाचं काही अडणार नव्हतं.

त्याने बाहेर पडण्याची आज्ञा दिली. डिस्क घरघरली, पुन्हा अडली आणि पडद्यावर तोच प्रश्न येऊन उभा राहिला. त्याने फाइल वर ठेवून दिली, कप विसळला आणि ताईची जुनी खुर्ची ओल्या फडक्याने दोनदा पुसली.

सव्वाबाराला जिन्यावर पावलं वाजली. ताईचे केस पार पांढरे झाले होते आणि शेवटच्या पायरीवर तिला धाप लागली होती.

‘जिना वाढवलास की काय रे?’

‘दोन पायऱ्या जास्त घातल्या. तुझ्यासाठी.’

त्याने पाणी दिलं. ती सगळं पाणी पिऊन खोलीभर नजर फिरवत राहिली. बाबांची टेप खिळ्याला होती तिथेच होती. मशीनपाशी येऊन तिने डब्यावर हात ठेवला, ताप आहे का बघावं तसा.

‘अजून धडधाकट आहे की हा.’

‘खटारा म्हण. मी काही म्हणणार नाही.’

‘मी कधी म्हटलं?’ ती म्हणाली, आणि तो चकित होऊन बघायला लागल्यावर तिने नजर वळवली. ‘बरं, चल. टाक तुझा.’

ती खिडकीशेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अकरा वर्षांनी, कुणी न सांगता. त्याने आठ अक्षरं टाकली. कोपर या खेपेला पोटाशी धरून ठेवलं. मग उठून तिला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड केलं. समोर कॅलेंडर होतं.

त्या कीबोर्डची प्रत्येक कळ त्याने कधी ना कधी काढून, पुसून परत बसवली होती. अक्षरांच्या कळा खणखणीत वाजतात. तळाची लांब पट्टी, रिकाम्या जागेची, तेवढी दबक्या आवाजात धप्प करते, कारण तिची स्प्रिंग त्याने दुसऱ्याच मशीनची घातली होती. तो कान देऊन ऐकत नव्हता, पण ऐकू आलंच.

धप्प. धप्प. धप्प. धप्प. धप्प.

मग एन्टर.

त्याने कॅलेंडरवरच्या तारखा पहिल्यापासून वाचायला घेतल्या. ताई आपला अर्धा विसरली होती. दोन तास बसमध्ये तिचा जीव कसा टांगणीला लागला असेल, ते त्याला आत्ता कळलं. तुला जपणं जमत नाही, हे त्याचंच वाक्य घेऊन ती आली असणार. आणि तरी आली. तिला काही विचारायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

‘उघडलं?’ त्याने भिंतीलाच विचारलं.

‘न उघडायला काय झालं?’

दुरुस्तीला अर्धा तास गेला. मशीन एकेका बिघाडागणिक विचारत होतं, दुरुस्त करू? आणि ताई एकेकाला होकाराची कळ दाबत होती. मशीन पूर्ण सुरू झालं तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला, आणि एकदम सोडला म्हणून दोघांना हसू आलं. रस्त्याचा नकाशा पडद्यावर वरून खाली सावकाश उतरला. पाइपच्या निळ्या रेघा, व्हॉल्व्हचे लाल ठिपके. त्याने तो छापला.

‘बेकरीच्या पायरीपासून सव्वाचार मीटर,’ ताई कागदावर वाकून म्हणाली, ‘रस्त्याच्या डावीकडे. बाबांनी हे मोजलं तेव्हा टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. बेकरीवाल्याने तुला बिस्किट दिलं होतं, तू मला दिलं नाहीस.’

‘अर्धं दिलं होतं.’

‘पाव.’

त्याने फोन लावला. पलीकडे इंजिनियर बाई इतक्या मोठ्याने ‘सुटले बाई!’ म्हणाल्या की ताईलाही ऐकू गेलं. तो आकडे सांगत गेला, आणि सांगितलेल्या एकेका आकड्यापुढे ताई पिशवीतल्या पेन्सिलीने खूण करत गेली. छोटीशी बरोबरची खूण. पण तिची शेपटी लांब, आणि टोकाला परत खाली वळलेली.

फोन ठेवून तो त्या खुणांकडे बघत राहिला. मग त्याची नजर वर कपाटाकडे गेली. मॅन्युअलची फाइल घाईत ठेवताना थोडी पुढेच राहिली होती. मशीन आलं तेव्हा ती सगळी मॅन्युअलं कुणी वाचली होती? त्याने तर तारा जोडल्या होत्या. वाचणारी या घरात एकच होती.

म्हणजे ती काही विसरली नव्हती. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. इथे होती ती एकोणीस वर्षं ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, मग खुर्चीत बसून कुणाला नको असलेला अर्धा टाकत राहिली. बाबांना काही बोलली नाही, त्याला बोलली नाही. आणि काल फोन आल्यावर, तुझंच तुला उघडता येईल रे, म्हणून सांगायचं सोडून दोन तासांच्या बसला बसली.

तो खाकरला, चष्मा पुसला, परत घातला. अकरा वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी उचलून बाजूला केलं होतं आणि त्याला आता बरं वाटत होतं.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘हे सगळे नकाशे तुझ्या त्या नव्या मशीनवर घ्यायचे का? तू म्हणत होतीस तसे?’

तिने पेन्सिल खाली ठेवली. ‘घेऊ. पण एका दिवसात नाही व्हायचं ते. आणि हा इथेच राहील. याला कुठे टाकायचा नाही.’

‘नाही टाकत. मग पासवर्ड तरी बदलू या का? जुना झाला.’

ताईने वर कपाटाकडे पाहिलं. पुढे आलेल्या त्या फाइलवर तिची नजर जरा थांबली. तिच्या गालाला खळी पडली.

‘राहू दे रे, छोट्या,’ ती म्हणाली. ‘माझा अर्धा आत्ता कुठे मला पाठ झालाय.’

तो खो खो हसला. खाली सायकलवाल्याने हातोडी थांबवून वर पाहिलं असणार. मग तो चहा टाकायला उठला, आणि परतीची बस किती वाजता आहे, हे त्याने विचारलं नाही.