फाटक्या खिशाचं गाणं

त्याला सगळे फाटकेमास्तर म्हणत. हे त्याचं आडनाव नव्हतं, त्याच्या गाण्यानं त्याला दिलेलं नाव होतं. गाणं असं होतं:

'खिसा माझा फाटका, त्यात वारा राहतो,
भाडं मागत नाही मी, तो गाणं गातो.'

हे गाणं गल्लीबोळांत पोचलं होतं. मास्तर ते एका ठिगळाच्या कोटात गायचा आणि लोक टाळ्यांनी मंडप डोक्यावर घ्यायचे. गंमत अशी की, या गरिबीच्या गाण्यानंच त्याच्या घरात दोन वेळचं नीट शिजू लागलं, बायकोला नवं शिलाई मशीन आलं, गळकं छप्पर बदललं. कोट मात्र तोच राहिला. कापड चिवट, आपणहून फाटेना. म्हणून दरवर्षी बायको जुनी ठिगळं उसवून नवी लावायची, कोपरावर वस्तऱ्यानं खरवडायची.

यंदा साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांचं बोलावणं आलं तेव्हा तिनं हात झटकले.

"मी शिवणारी बाई आहे, फाडणारी नव्हे," ती म्हणाली. "चांगल्या कापडाला भोकं पाडून पाडून माझा जीव विटला. हा घ्या."

तिनं समोर नवा कोट ठेवला. गडद निळा, आत रेशमी अस्तर. मास्तरानं अंगात घातला आणि आरशासमोरून हलेना. पण लगेच त्याचा चेहरा उतरला.

"अगं, हा घालून गेलो तर लोक म्हणतील, मास्तर बदलला. गाणं गेलं म्हणजे सगळं गेलं."

"गाणं कोटात आहे की गळ्यात?"

मास्तर जुना कोट शोधायला गेला, तर तिनं त्याचं मशीनवरचं आच्छादन करून टाकलेलं.

पाळी सुटल्यावर कारखान्याच्या पॅकिंगच्या दालनात कार्यक्रम होता. खोक्यांवर, पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथे माणसं बसलेली, हवेत साबणाचा वास. मेहुणा पेटी घेऊन आधीच मंचावर बसला होता. मास्तरला पाहून त्याचे डोळे विस्फारले. "दाजी, आज तुमचं लग्न आहे का?"

"गप्प बस आणि सूर धर."

मास्तर उजेडात आला. तोच मागून एकजण ओरडला, "अहो साहेब, बाजूला व्हा, आमच्या मास्तरला येऊ द्या!"

हशा पिकला. मास्तरानं गाणं सुरू केलं, पण पहिल्याच ओळीवर लोक इतके हसले की पुढचे शब्द ऐकूच जाईनात. रेशमी अस्तर लावलेला माणूस 'खिसा फाटका' म्हणतोय! त्यानं हात वर केला. पेटी थांबली.

"खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "हे गाणं केलं तेव्हा खिसा खरंच फाटका होता. तुम्ही ते इतकं ऐकलंत की त्यातून हा कोट झाला. बायकोनं शिवलाय. मला तो फार आवडलाय. काढू का?"

पुढे बसलेली एक पॅकिंगवाली काकू म्हणाली, "काढू नका हो, छान दिसताय. पण खिसा तर दाखवा! आमच्या टाळ्या त्यात किती मावल्या ते बघू दे."

मास्तरानं ऐटीत खिशात हात घातला. हात जाईना. दुसरीकडे घातला. तिथेही जाईना. इस्त्री करताना खिशाचं तोंड वाकडं होऊ नये म्हणून बायकोनं कच्चे टाके घातले होते आणि घाईत ते उसवायचे राहून गेले होते. मास्तर बोटं खुपसतोय आणि कोट काही दाद देत नाही, हे पाहून सगळं दालन हसून लोटपोट झालं. मागच्या रांगेत बायकोनं कपाळावर हात मारला. आणि मास्तरसुद्धा, आधी हळू आणि मग अंग गदगदा हलवत, त्या हसण्यात सामील झाला. हसता हसताच त्यानं मेहुण्याला खूण केली.

'खिसा माझा नवा कोरा, ओठ शिवून बसला,
वारा आला राहायला, दारातूनच हसला!'

मग काय! खोकी वाजू लागली, पाय वाजू लागले. त्यानं फाटक्या खिशाचं एक कडवं म्हणावं, शिवलेल्या खिशाचं एक जागेवर रचावं, आणि लोकांनी दोन्ही उचलून धरावीत. पॅकिंगवाल्या काकूनं तर स्वतःचं एक कडवं जोडलं. त्यात मालकाच्या खिशाला कुलूप होतं. मालक त्या वेळी दारातच उभे होते, तरी तिनं ते दोनदा म्हटलं. मालकांनी खिसे बाहेर उलटे करून दाखवले तेव्हा कुठे ती बसली.

कार्यक्रम संपल्यावर कामगारांचे सेक्रेटरी घाम पुसत आले. "मास्तर, पुढच्या वर्षीचं आत्ताच ठरवून टाकू. कोट मात्र हाच हवा. आणि खिसे असेच शिवलेले!"

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात बायको पुढे झाली.

"खिसे मी आज घरी गेल्यागेल्या उसवणार," ती म्हणाली. "थंडीत यांना हात घालायला लागतात. तुम्हाला गाणं हवं ना? ते हे करतील नवीन."

मास्तरानं कॉलर सरळ केली आणि मेहुण्याच्या हातातल्या पेटीची एक बाजू धरली.

"ऐकलंत ना?" तो सेक्रेटरींना म्हणाला. "हिनं सांगितलं म्हणजे करावंच लागणार."