पांढरी, निळी आणि माझे हात

पडद्यावर पुन्हा ते लाल हातांचं चित्र उमटलं आणि गाडी टुंग टुंग करायला लागली.

"मॅडम, स्टिअरिंगवर हात ठेवा," शेजारी बसलेला रितेश म्हणाला. तो शोरूमचा पोरगा.

"मग हे काय आहेत? पाय?"

माझे दोन्ही हात चाकावरच होते. हातखंब्याच्या पुढचा चौपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, आणि गाडी त्या पट्ट्यांच्या मधोमध आपली आपण चाललेली. चालू दे बापडी. पण जिचे हात धडधडीत चाकावर आहेत तिलाच विचारायचं, हात कुठे आहेत म्हणून? असल्या आगाऊपणाला आमच्या वाडीत चांगलं सुनावलं असतं.

"तसं नाय मॅडम," रितेश हसू दाबत म्हणाला. "हिला हात दिसत नायत. चाकाला तुमचा जरा जोर लागला पायजे. मग तिला कळतं ड्रायव्हर जागा हाय म्हणून. जरा घट्ट धरा."

मी घट्ट धरलं. करंगळीपासून कोपरापर्यंत कळ गेली. टुंग टुंग थांबेना.

"आये, घट्ट धर ना," मागून धम्मदीप म्हणाला.

"धरलंय."

मग गाडीनंच कंटाळून पट्टे धरून चालायची ती सोय बंद करून टाकली आणि पडद्यावर तसं लिहूनही दाखवलं. धम्मदीप दोन सीटांच्या मधून पुढे वाकला होता. तो पडद्याकडे बघत नव्हता. माझ्या बोटांच्या सुजलेल्या पेरांकडे बघत होता. मी इंडिकेटर देऊन गाडी परत वळवली.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते. मी शालन, निवृत्त आरोग्यसेविका. देवरुखच्या वरच्या अंगाला आमचं गाव, तिथे मी एकटी राहते. नोकरीत असताना गाडी शिकले. आमच्या वाडीत तोवर बाईनं गाडी चालवलेली कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे पहिले काही महिने लोक कुंपणाशी येऊन उभे राहायचे. रामजी, माझा नवरा, शिक्षक माणूस. तो माझ्या शेजारी बसून पेपर वाचायचा, घाटातसुद्धा. इतका विश्वास. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझी लाल गाडी अजून आहे, पण तिचा क्लच दाबून गिअर टाकताना अलीकडे मनगटातून जीव जातो.

धम्मदीप मुंबईत बँकेत आहे, राहतो कल्याणला. त्याचं एकच पालुपद. गाडीशिवाय त्या घरात एकटीनं राहायचं नाही. आधी तर तो नवी गाडीच नको, सरळ कल्याणला ये म्हणत होता. मग मी हट्टाला पेटले, तेव्हा त्यानं मोबाइलवर महिनाभर अभ्यास केला आणि दोन विजेवरच्या गाड्या काढल्या, सकाळची ही पांढरी आणि एक निळी. क्लच नाही, गिअर नाही. "दोन्ही चालवून बघ. जमली तर घेऊ, रहा गावात. नाय जमली तर मार्चनंतर कल्याणला यायचं, मग कुरकुर नाय करायची," असा करार झाला. मी लगेच हो म्हटलं. मला काय माहीत, गाड्या हात तपासतात म्हणून!

मला संधिवात आहे हे पोराला माहीत होतं. किती आहे हे नव्हतं. सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागतो, हे फोनवरून थोडंच दिसतं? आणि मी सांगायची नाही. बायकोसमोर चेहरा पाडून बसेल आणि दुसऱ्याच दिवशी करुणाचा फोन येईल, आई, आमच्याकडेच या आता. करुणा गुणाची आहे. पण तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी दिवसभर करू काय?

जेवायला बसलो तेव्हा धम्मदीप हातांबद्दल अवाक्षर बोलला नाही. गाडीबद्दलच बोलत राहिला.

"पांढरीत एक बटण नाय गो. एसी कमी करायचा तरी पडद्यात बघा, आरसा हलवायचा तरी पडद्यात बघा. रस्त्यावरची नजर काढायची म्हणजे काय? मला नाय पटली."

"मला तीच पटली."

"का?"

"नुसतं बोट टेकवलं की काम होतं. आपल्या गॅसचं बटण इतकं गुणी नाय."

तो भातात आमटी कालवत राहिला. मग हळूच म्हणाला, "गॅसचं बटण पन फिरत नाय तुला?"

"फिरतं रे. जेव."

दुपारी निळी. या शोरूमची मुलगी शमिका, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली वाटत होती. तिनं मला मॅडम म्हटलं नाही, काकी म्हटलं. निळीत सगळी बटणंच बटणं. आवाजाला गोल खुंटी, एसीला गोल खुंटी, गाडी पुढे-मागे घ्यायलाही एक गोल खुंटी, ती दाबून फिरवायची. धम्मदीप खूश. मला मात्र ती बोटांनी फिरेना. मी तळहाताच्या टाचेनं दाबली आणि सगळा हात वळवून फिरवली. शमिकानं पाहिलं आणि काहीच बोलली नाही. तेवढ्यावरून पोरगी मला आवडली.

जयगडच्या रस्त्याला लागलो. रस्ता नवा केलेला, पट्टे ताजे. पाय उचलला की गाडी आपोआप हळू व्हायची, ब्रेकवर पाय न्यायचं कामच नाही. शमिकानं पट्टे धरून चालायची सोय सुरू केली. मी श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिले. आता येतील लाल हात, मग येतील. आलेच नाहीत.

"हिच्या चाकाला स्पर्श कळतो काकी," शमिका म्हणाली. "जोर नको. हात नुसते टेकलेले पुरेत."

मी मुद्दाम हात उचलले. टुंग. टेकवले. गप्प. पुन्हा उचलले. टुंग. पुन्हा टेकवले.

"काय खेळ लावलास आये?" धम्मदीप हसला. दिवसभरात पहिल्यांदा.

खरं सांगते, मला रडू आलं. एका यंत्रानं हात ओळखले म्हणून रडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. पण सकाळपासून मी माझेच हात खोटे पडल्यासारखी बसले होते, आणि ही निळी म्हणत होती, आहेत की, दोन्ही आहेत. मी खोकल्याचं निमित्त करून डोळे पुसले. मनातल्या मनात चार्जिंगची वायर पडवीतून कुठून आणायची तेही ठरवून टाकलं. मग ती पट्ट्यांची सोय बंद करायला सांगितली, म्हटलं आता मी आणि रस्ता. आणि चालवली, छान चालवली. धम्मदीप मागे टेकून बसला. मोहोराचा वास येत होता म्हणून काचा खाली घेतल्या. हा एवढा रस्ता मी त्या दिवशी किती सुखात कापला, काय सांगू!

एका वळणानंतर आंब्याच्या बागेत फवारणी चालली होती. डाव्या अंगाला टेम्पो, त्यावर पंप धडधडतोय, आणि एक माणूस तोंडाला टॉवेल बांधून लांबलचक पाइप ओढतोय. त्याची नजर झाडाच्या शेंड्यावर. तो पाठमोरा मागे मागे सरत थेट रस्त्यावर आला.

मी त्याला पाहिलं. उजवीकडे रस्ता मोकळा होता, समोरून कोणी नव्हतं. चाक उजवीकडे झटक्यात घ्यायचं, बस्स. डोक्यानं सांगितलं, खांद्यानं ऐकलं. बोटांनी चाक धरलंच नाही. तळवे चाकावरून नुसते घसरले, साबण लागल्यासारखे. पाय ब्रेकवर गेला, पण त्याच्याही आधी गाडीनं किंचाळून स्वतःच करकचून ब्रेक मारला. पट्टा छातीत रुतला. त्या माणसाच्या पाठीपासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली.

तो वळला. टॉवेल खाली ओढून ओरडला, "ओ ताई! हॉर्न मारा की! गाडीला आवाज नाय नि काय नाय, भुतावानी येतावा अंगावर!"

"चुकलं भाऊ," मी म्हटलं. तो पाइप गोळा करत बडबडत बाजूला झाला.

"बघितलंत काकी? हिनंच थांबवली!" शमिकाच्या आवाजात सुटका होती.

आणि धम्मदीप! जो आधी गाडीच नको म्हणून जीव खात होता, तो मागून माझ्या दोन्ही खांद्यांना धरून म्हणाला, "आये, हीच घ्यायची. ठरलं. हिच्यात तुला काय होऊ शकत नाय. मला आता घोर नाय गो."

माझ्या पोराच्या तोंडून हे ऐकायला मी काय काय दिलं असतं! मागितलेलं सगळं समोर आलं होतं, नुसतं हो म्हणायचं होतं. मांडीवर पडलेल्या हातांकडे मी बघत होते.

"पोरी, एक विचारू?" मी शमिकाला म्हटलं. "ही थांबते. पण माणूस आडवा आला तर वळते का स्वतःहून?"

"नाही काकी. वळवायचं आपणच."

"आणि थांबायला जागाच नसली तर?"

ती जरा गोंधळली. तिला गाडी विकायची होती बिचारीला. "मग... मग ड्रायव्हरवरच असतं काकी."

मी मघाचीच ती खुंटी तळहातानं दाबून फिरवली, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली. पट्टा काढला आणि खाली उतरले. "तू चालव," मी तिला म्हटलं.

धम्मदीप उतरून मागोमाग आला. "काय झाला? घाबरलीस? अगो, तूच चालवत व्हतीस ना, चांगली चालवत व्हतीस!"

"मला वळवता नाय आली, धम्मा."

"पन थांबली ना!"

"ती थांबली. मी नाय."

"मग त्याच्यासाठीच तर घेतोय ना आपण ही!" त्याचा आवाज चढला. "मी नको म्हणत व्हतो तेव्हा तू ऐकलं नायस, आता मी घे म्हणतोय तर तुझं भलतंच! तुला राहायचंय ना गावात?"

"राहायचंय रे." मी गाडीच्या दाराला टेकले. "किती राहायचंय, तुला नाय कळायचं."

त्याला मी हौसाआजीची गोष्ट सांगितली. आमच्या वाडीची जुनी सुईण. निम्मा गाव तिच्या हातावर जन्मलेला. मी नोकरीत नवी होते तेव्हा तिचे हात कापायला लागले होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायचं कोणी? मी गेले तिच्या ओट्यावर आणि म्हटलं, आजी, आता बाळंतपणं करायची नाहीत. तिनं मला काय शिव्या दिल्या! म्हणाली, कालची पोर मला सांगते? आणि मी तिथून हलले नाही, ती हो म्हणेपर्यंत हलले नाही.

"तिला सांगायला मी होते," मी म्हटलं. "मला कोण सांगणार? तू तर गाडी घेऊन देतोयस."

धम्मदीप चपलेनं रस्त्यावरची जांभी खडी उगाच ढकलत उभा राहिला. मग नाक पुसून मागचं दार उघडलं आणि मला आत बसवलं.

शोरूमच्या आवारात शमिकानं आम्हाला चहा दिला. गाडी न घेणाऱ्यांना कोणी चहा देत नाही. तिला मी म्हटलं, "तुझी गाडी चांगली आहे हो. पांढरीपेक्षा शंभर पटीनं चांगली. जो येईल त्याला तसं सांग." ती म्हणाली, "काकी, तुम्ही या कधीतरी अशाच." पोरगी खरंच आवडली मला.

परतताना लाल गाडीची किल्ली मी धम्मदीपकडे दिली. मुंबईत राहून त्याची सवय मोडलेली, घाटात प्रत्येक वळणावर तो गाडी बंद पाडायचा. मागचे हॉर्न देत होते. मी बाहेर बघत बसले, एक शब्द बोलले नाही. न बोलणं किती अवघड असतं, ते माझं मलाच ठाऊक. कल्याणचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

आमच्या फाट्यावर वाडीतली राजश्री उभी होती, डोक्यावर बाजाराची पिशवी. गाडी ओळखून तिनं हात केला आणि नेहमीसारखी गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीशी आली, तोंड आत घालून बोलायला. आत धम्मदीप. ती बावचळली. मग वाकून पलीकडे माझ्याकडे बघितलं.

"अगो शालनताय, तू हिकडं कशी?"

"बस मागं," मी म्हटलं.

ती बसली. पिशवी मांडीवर घेतली. थोडं अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "उद्या देवरुखात जाणार हायस ना? मी पन येतंय, रेशनचा काम हाय."

धम्मदीपनं माझ्याकडे पाहिलं. गाडी चढावर कण्हत होती, त्यानं गिअर बदलला, या वेळी बरोबर बदलला.

"येते ना," मी म्हटलं. "सकाळची एसटी किती वाजता असते गो?"