सरहद्दीचं ठिगळ

"पुन्हा सरकली रेघ?" मावशीने ब्रश टेबलावर आपटला. "त्या मेल्यांना दुसरा उद्योग नाही का?"

मुकादमाने छापील चिकटपट्ट्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "तह झाला ना परवा. शाळांचे चारशे गोल शुक्रवारी जायचेत. जुन्या सरहद्दीवर नवी चिकटवायची, बस."

पृथ्वीगोलांच्या या कारखान्यात मावशी एकोणिसाव्या वर्षी लागली. जगात उलथापालथ झाली की तयार गोलांवर ठिगळं लावायची, हे तिचं काम. तिचं लग्न झालं तेव्हा नवेनवे देश स्वतंत्र होत होते. पोराला गोवर निघाला त्याच आठवड्यात एक बलाढ्य देश फुटला, म्हणून रजा नाही. नवरा गेला, तर कुठल्याशा बेटांचं नाव बदललं म्हणून चौथ्या दिवशी बोलावणं. बड्यांनी बसल्या बसल्या रेघा ओढायच्या आणि हिने जन्मभर त्या निस्तरायच्या!

आणि तीन वर्षांपूर्वी लढाई झाली. एका टेकडीसाठी. तिथे तिचा एकुलता एक पोरगा पडला.

मावशीने पट्टी उचलून भिंगाखाली धरली. जुन्या-नव्या रेघेत मोहरीएवढं अंतर होतं.

"टेकडी देऊन टाकली?"

"हो," मुकादम खाली बघत म्हणाला. "बदल्यात नदीचं पाणी मिळणार म्हणे."

"द्यायचीच होती, तर माझं पोर कशाला धाडलं मरायला?" मावशी अशी कडाडली की सगळ्यांचे हात थांबले. "तेव्हा म्हणे, इंचभर देणार नाही! आणि आता दात काढून फोटो काढतात! यांच्या घरातलं गेलं का एक तरी? मुडदे बसवले त्यांचे!"

 

"मावशी, राहू द्या," मुकादम हळूच म्हणाला. "दुसऱ्या कुणाला देतो हे काम."

"खबरदार!" तिने गठ्ठा छातीशी ओढला. "या पोरी सुरकुत्या पाडतात. तिथं माझा पोरगा आहे. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

तिने गोंद लावला, पट्टी बसवली, मधून कडेकडे हवा काढत नेली.   जेवणाची घंटा झाली, खुर्च्या सरकल्या, सगळे गेले. मुकादम मात्र थांबला. त्याने दोन्ही हातांनी गोल घट्ट धरला.

"हलवू नका," मावशी म्हणाली, आणि गोंद सुकेपर्यंत तिने टेकडीवरचा अंगठा उचलला नाही.